आधी परतीची वाट: रान आणि खवळलेला समुद्र पार करण्याचा क्रम

अवघड प्रवासाची तयारी बहुतेकांची सुरू होते ती सामानाच्या यादीपासून. तंबू कुठला, सॅक किती लिटरची, जाकीट कसलं. मला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न असेच असतात. ओढ्याला पाणी चढलं तर कुठे थांबायचं, किंवा किती वाजता मागे फिरायचं, हे क्वचितच कोणी विचारतं, आणि घोळ होतो तो नेमका तिथेच. भिजलेल्या, दमलेल्या, बोट लागलेल्या माणसाला चांगला निर्णय घेता येत नाही. घरी टेबलाशी बसून घेतलेला निर्णय पाळणं मात्र त्याला जमू शकतं. म्हणून खालचा क्रम उलटा वाटेल. परत कसं यायचं ते आधी आहे आणि सामान चौथ्या नंबरावर.

नकाशा वाचता येणाऱ्या आणि छोटी शिडाची किंवा इंजिनाची नाव हाकता येणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. या दोन्ही गोष्टी अजून येत नसतील तर पहिला प्रवास जाणत्या माणसाच्या मागे मागे करा.

टप्पा १: मागे फिरण्याच्या जागा आणि वेळा

नकाशा पसरा आणि मार्गाचे दोन-तीन तासांचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. इथून मागे फिरता येतं का? बाजूला उतरून सुटता येतं का? रात्र काढायची वेळ आली तर आडोसा आहे का? तिन्हींना ‘नाही’ आलं, तर तो तुमच्या प्रवासातला खरा धोक्याचा तुकडा. त्यात कधी शिरायचं आणि कुठल्या हवेत अजिबात शिरायचं नाही, हे तिथेच समासात लिहून टाका.

वेळेचा अंदाज काढायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला हिशोब अजून चालतो. सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि वर दर ६०० मीटर चढाईला एक तास. म्हणजे १५ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर तीन अधिक दीड, साडेचार तास. पुष्कळ जण इथेच पेन खाली ठेवतात आणि फसतात. हा हिशोब मळलेल्या वाटेचा, हलक्या ओझ्याचा आणि न थांबता चालणाऱ्याचा आहे. वाट नसलेलं रान आणि पाठीवर आठवड्याचं ओझं असेल तर मी दीडपट धरतो, म्हणजे पावणेसात तास. दाट झुडपात दुप्पटही कमी पडते.

आता फिरण्याची वेळ काढा, तीही मागून. सूर्यास्त सहाला, परतीला चार तास, राखीव दोन तास. उत्तर आलं बारा. माथा वीस मिनिटांवर दिसत असला तरी बारा म्हणजे बारा. ध्रुवावर निघालेला दर्यावर्दी संशोधक शॅकल्टन ९ जानेवारी १९०९ रोजी दक्षिण ध्रुवापासून ९७ सागरी मैलांवरून मागे फिरला, कारण पुढे गेलं असतं तर अन्न परतीला पुरलं नसतं. चौघेही जिवंत परतले.

समुद्रावर ‘मागे फिरणं’ इतकं सरळ नसतं. ज्या वाऱ्याने तुम्हाला आणलं तोच वळल्यावर तोंडावर येतो, आणि तीन तासांचं अंतर कापायला सात तास लागतात. म्हणून मार्गावरच्या आसऱ्याच्या जागा आधीच खुणा करून ठेवा. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे सगळ्यांत जवळचं बंदर निवडणं. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे असेल आणि बंदराचं मुख उथळ असेल, तर लाटा नेमक्या त्या मुखावर फुटतात. शांत हवेत जिथे सहज आत शिरता येतं, तिथेच वादळात नाव आडवी होते. वाईट हवेत आत शिरता येतं तोच आसरा. तसा एकही जवळ नसेल तर किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात थांबून राहणं बरं. जमीन दिसली की सुटलो असं वाटतं खरं, पण नावा फुटतात त्या जमिनीवरच.

तपासणी: फिरण्याची वेळ कागदावर आकड्यात आहे का? ‘उशीर झाला तर बघू’ हे उत्तर धरायचं नाही.

टप्पा २: मागे राहणारा माणूस

प्रत्येक प्रवासाला घरी थांबणारा एक माणूस लागतो. त्याच्या हातात एक लिखित पान द्या. किती जण आहात, कुणाला काय आजार आहे, मार्ग आणि पर्यायी मार्ग, मुक्काम कुठे, तंबूचा आणि नावेचा रंग, संपर्काची साधनं कोणती आणि ती किती वाजता चालू असतील, एवढं त्यात हवं.

या पानावर दोन वेळा असायला हव्यात आणि लोक एकच लिहितात. पहिली वेळ पोहोचण्याची. दुसरी, कळवायचीच अशी वेळ. त्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर त्याने विचार करत न बसता बचाव यंत्रणेला फोन करायचा. नंबरही त्याच पानावर.

हे मी स्वतः फसून शिकलो. मित्राला सांगून गेलो होतो, ‘संध्याकाळपर्यंत येतो.’ वाटेत ओढा चढला आणि आम्ही दोघे अलीकडच्या काठावर रात्रभर अडकलो, त्यात एकाचा पाय मुरगळलेला. मित्र घरी जागाच होता. दर तासाला स्वतःला समजावत होता, ‘येतीलच आता, उगाच कशाला लोकांना धावपळ.’ दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लंगडत पोहोचलो तेव्हाही त्याने कुणाला कळवलं नव्हतं. दोष त्याचा नव्हता. मी त्याला वेळ दिलीच नव्हती, फक्त काळजी दिली होती.

सावधान: बेत वाटेत बदललात तर याच माणसाला आधी कळवा. न कळवता दुसऱ्याच खोऱ्यातून उतरलात, तर शोधणारे पहिल्या खोऱ्यात जीव धोक्यात घालत राहतील.

टप्पा ३: हवा, भरती आणि नदी

हवामानाचा अंदाज निघायच्या दिवशी एकदा बघून काही कळत नाही. चार-पाच दिवस आधीपासून रोज बघा आणि लिहून ठेवा. अंदाज दिवसागणिक स्थिर राहतोय की रोज पालटतोय, हेच मोठं उत्तर असतं. रोज पालटणारा अंदाज म्हणजे तो करणाऱ्यांनाही खात्री नाही.

वाऱ्याचे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्या. एक, अंदाजातला वेग सरासरी असतो, झोत त्याहून चाळीस टक्क्यांपर्यंत जोरकस असू शकतात. दोन, वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, म्हणून १० नॉटचे (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) २० नॉट झाले की नाव एकदम परकी वाटू लागते. तीन, लाटांची जी उंची सांगतात ती सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. दोन मीटर सांगितलं असेल तर अधूनमधून चार मीटरची लाटही यायचीच.

वाऱ्याचा जोर पायऱ्यांत सांगणाऱ्या बोफोर्ट मापनाचा उपयोग असा की ते उपकरणाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं. पांढरा फेस तुरळक दिसतोय तोवर तिसरी पायरी, ७ ते १० नॉट. फेसाचे तुरे बऱ्यापैकी सगळीकडे दिसू लागले की चौथी, ११ ते १६. मोठ्या लाटा उठायला लागल्या, फेस सर्वदूर आणि तुषार अंगावर, की सहावी, २२ ते २७ नॉट. छोट्या नावेला आणि कच्च्या खलाशांना सहावी पुष्कळ झाली. स्वतःची मर्यादा या पायऱ्यांत लिहा, ‘हवा फार खराब वाटली तर’ अशा शब्दांत नको.

आता भरती-ओहोटी. दिवसातून दोनदा भरती येते तिथे बारा भागांचा ठोकताळा लावता येतो. सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा बाराव्या हिश्शांनी चढतं किंवा उतरतं. फरक ६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात अर्धा मीटर, दुसऱ्यात एक, तिसऱ्या आणि चौथ्यात दीड-दीड मीटर. म्हणजे ओहोटी लागल्यावर तासाभराने ‘पाणी तर हळूच उतरतंय’ असं पाहून चिंचोळ्या सामुद्रधुनीत शिरणारा, तिसऱ्या तासाला ओढीच्या ऐन भरात सापडतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, हा फरक सगळ्यांत मोठा असतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी. अवघड मुख पार करायचं असेल तर भांगाचे दिवस धरा.

यातल्या दोन चुका वारंवार दिसतात. भरतीच्या तक्त्यातली वेळ कुठल्या घड्याळाची आहे हे न पाहणं ही पहिली. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या देशांत पुष्कळ तक्ते तो तास धरत नाहीत. दुसरी चूक म्हणजे पाण्याची पातळी पालटते त्याच क्षणी प्रवाहही पालटतो असं समजणं. बऱ्याच ठिकाणी त्यात बराच वेळ जातो.

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: वारा एकीकडून आणि ओहोटीचा प्रवाह त्याच्या समोरून. तोच वारा, तेच पाणी, पण लाटा आखूड, उभ्या आणि घट्ट होतात. वारा आणि पाणी एका दिशेने जात असताना आरामात ओलांडलेली जागा सहा तासांनी पार करण्यासारखी राहत नाही.

रानातल्या नद्यांचंही वेळापत्रक असतं. हिमनद्यांतून येणारं पाणी दुपारी वितळून वाढतं आणि पहाटे सगळ्यांत कमी असतं. पावसाच्या ओढ्याला तुमच्या डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही. वर खोऱ्याच्या मुळाशी ढग दाटले की खाली ऊन असतानाही पाणी येतं. माथ्यावरच्या थंडीचा हिशोब सोपा आहे: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी. वारा आणि ओले कपडे यांची थंडी त्यावर वेगळी.

विजेसाठी सेकंद मोजा. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की धारेवरून, एकाकी झाडाखालून, उघड्या माळावरून खाली निघायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही.

टप्पा ४: सामान, पण अंगावर काय आणि सॅकमध्ये काय

यादी करणं सोपं आहे, म्हणून ती देत नाही. विभागणी महत्त्वाची. सॅक वाहून गेली, नाव उलटली, तर तुमच्याजवळ काय उरेल? शिट्टी, चाकू, आग पेटवायचं साधन, होकायंत्र आणि संकटसंदेश देणारं यंत्र या पाच वस्तू कपड्यांच्या किंवा जीवरक्षक जाकिटाच्या खिशात, दोरीने बांधलेल्या हव्यात. ‘सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे’ म्हणजे नाही.

कोरड्या कपड्यांचा एक जोड असा ठेवा की तो काही झालं तरी दिवसा घालायचा नाही. दोन पिशव्यांत, एकीत एक. पिशवीवर ‘जलरोधक’ छापलेलं असतं त्यावर जाऊ नका. हवा भरून तोंड गुंडाळा आणि बादलीत दाबून बघा. बुडबुडे आले की कळतं.

उपग्रहाला ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवणारा बीकन घेतलात तर तो आपल्या नावावर नोंदवा आणि नोंदणीत घरच्या माणसाचा नंबर घाला. बॅटरीची मुदत बघा. अंगावर वागवायचा छोटा बीकन किमान २४ तास चालेल असा बनवलेला असतो, नावेचा मोठा ४८ तास. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या संदेशांवर उपग्रह २००९ पासून लक्ष ठेवत नाहीत, तेव्हा वारशाने मिळालेलं जुनं यंत्र कपाटातच राहू द्या.

तपासणी: हवा भरणारं जाकीट असेल तर गॅसची नळी हाताने घट्ट फिरवून बघा. मांडीखालून जाणारा पट्टा लावून, अंगात घालून, कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जाकीट कानांपर्यंत सरकलं तर पाण्यातही तेच होणार.

टप्पा ५: निघायचं की नाही

निघण्याच्या सकाळी सगळ्यांना एकत्र बसवा आणि सगळ्यांत नवख्या माणसाला आधी बोलू द्या. म्होरक्या आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात. मग टप्पा ३ मध्ये लिहिलेल्या मर्यादा मोठ्याने वाचा. एक जरी ओलांडली गेली असेल तर निघायचं नाही. रजा संपतेय, तिकिटं काढलीत, एवढ्या लांबून आलोय, ही कारणं हवेला माहीत नसतात.

टप्पा ६: रानात

चालताना दर अर्ध्या तासाला नकाशावर बोट ठेवून ‘आपण इथे आहोत’ असं म्हणा आणि वेळ लिहा. एवढं केलं तर वाट चुकल्याचं अर्ध्या तासात कळतं. चुकलात तर पहिलं काम म्हणजे बसणं. सॅक उतरवा, पाणी प्या, शेवटची खात्रीची जागा कुठली आणि तिथून किती वेळ चाललो ते काढा आणि तिथवर मागे जा. ‘ओढ्याच्या कडेने खाली गेलं की वस्ती लागतेच’ हा सल्ला कितीही वेळा ऐकला असला तरी अनोळखी डोंगरात पाळू नका. ओढे धबधब्यावरून उडी मारतात, माणसाला ते जमत नाही. होकायंत्र वापरताना चुंबकीय उत्तर आणि नकाशावरचं उत्तर यांतला फरक वजा-अधिक करायला विसरू नका. काही भागांत तो वीस अंशांहूनही जास्त असतो.

*नदी ओलांडणं*

रानात सगळ्यांत फसवं पाणी हेच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आधी जागा शोधा, त्यासाठी तासभर गेला तरी चालेल. पात्र अरुंद तिथे ओलांडायला सोपं वाटतं, पण पाणी तिथेच खोल आणि वेगवान असतं. पात्र पसरट आणि अनेक प्रवाहांत फुटलेलं असेल ती जागा बरी. मग प्रवाहाच्या खालच्या अंगाला पुढे काय आहे ते बघा. शंभर-दोनशे मीटरवर धबधबा, घळ किंवा पाण्यात आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा बाद. आडव्या झाडाच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. पलीकडचा काठ चढता येण्याजोगा आहे का, हे लोक पलीकडे पोहोचल्यावरच बघतात.

आता एक काटकी फेका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. नेहमीच्या चालीने तिला गाठता येत नसेल तर ओलांडू नका. पाणी गढूळ, झाडांचे ओंडके वाहताहेत, तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येतोय, यांतलं एकही असेल तर तंबू ठोका. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर गेलं की माणसाचा तोल त्याच्या हातात राहत नाही.

बूट काढू नका. मोजे आणि आतला तळवा काढून ठेवला तर चालेल, पण गोट्यांवर अनवाणी पाय ठरत नाही. सॅकचा छातीवरचा पट्टा सोडा आणि खांद्याचे ढिले करा. कंबरपट्ट्याबद्दल दोन मतं आहेत. काही जण तो बांधलेलाच ठेवायला सांगतात, म्हणजे पडल्यावर फुगलेली सॅक आधार देते. मी सोडतो. काहीही करा, पण एका झटक्यात, थंडीने बधिर बोटांनी तो सुटतो का, हे काठावर करून बघा.

एकटे असाल तर जाड काठी घ्या, तोंड प्रवाहाकडे. काठी वरच्या बाजूला टेकवा, तिच्यावर वजन टाका, एक पाय सरका, टेकला की दुसरा. काठी आणि दोन पाय, तिन्हींतलं एकाच वेळी एकच हलवायचं. पाय उचलून टाकायचा नाही, तळाशी घासत न्यायचा. नजर समोरच्या पाण्यावर खिळू देऊ नका, ते फिरायला लागतं. थोडं खाली, तिरकं जात राहा. तिघे-चौघे असाल तर एकमेकांच्या सॅक आणि पाठीमधून हात घालून पट्टे धरा. रांग प्रवाहाला समांतर, सगळ्यांत दणकट माणूस वरच्या टोकाला, आणि सगळ्यांनी पलीकडच्या काठाकडे तोंड करून एकाच वेळी पाऊल टाकायचं. वरच्याने पाणी फोडलं की बाकीच्यांना मागे जरा सावली मिळते.

सावधान: ओलांडणाऱ्याच्या अंगाला दोर बांधू नका. पाय सुटला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

वाहून गेलात तर पाठीवर या, पाय पुढे, पावलं पाण्याच्या पृष्ठभागाशी. वेगवान पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, दगडांत पाऊल अडकलं की प्रवाह अंगावरून जातो. समोर आडवं झाड आलं आणि चुकवता येत नसेल, तर पोटावर वळून त्याच्याकडे जोराने पोहत जा आणि अंग वर फेका.

टप्पा ७: समुद्रावर

बोट लागण्यावरची गोळी निघण्यापूर्वी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कुठली गोळी आपल्याला झेपते ते आधी घरी बघून ठेवा, काहींनी गाढ झोप येते. त्रास वाटू लागला तर उघड्यावर या, क्षितिज बघा, शक्य असेल तर सुकाणू हातात घ्या.

शीड कमी करावं का, असा विचार मनात आला की त्याच मिनिटाला कमी करा. पंधरा मिनिटं वाट बघितली तर तेच काम दुप्पट वाऱ्यात, उसळत्या नावेवर करावं लागतं. हवा बिघडण्याआधीच गरम काहीतरी खाऊन घ्या, झाकणं बंद करा, आतलं सामान बांधा. वादळात मोकळा सुटलेला डबाही डोकं फोडतो.

सुरक्षादोरी आतून बाहेर येण्यापूर्वी, पायरीवर असतानाच अडकवा. दोरी इतकी आखूड हवी की माणूस कठड्याबाहेर जाऊच नये. बाहेर लोंबकळत फरफटणाऱ्या माणसाला वर घेणं जवळजवळ अशक्य असतं. रात्री, आणि एकटे पहाऱ्यावर असताना, हवा कशीही असो, अडकवलेलीच. लघवीला कडेला उभं राहायचं नाही. हसू येतं, पण हा नियम मी नावेवर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा सांगतो.

*कोणी पाण्यात पडलं तर, या क्रमाने:*

१. ‘माणूस पाण्यात’ असं ओरडा. एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, दुसरं काहीही करायचं नाही. लाटांत डोकं नारळाएवढं दिसतं, नजर हलली की हरवतं.
२. तरंगणारं जे हाताशी येईल ते फेका.
३. जीपीएसवर जागेची कळ दाबा.
४. नाव थांबवा. इंजिन लावण्यापूर्वी पाण्यात दोर लोंबत नाहीत ना, ते बघा, पंख्यात गुंडाळला की नाव निकामी.
५. जवळ आल्यावर पंखा बंद.
६. माणूस थंडीने गारठला असेल तर शक्य तितकं आडवं उचला. उभं ओढल्यावर रक्तदाब कोसळू शकतो.

हा सराव बंदरात करून घ्या. तरंगणाऱ्या गोळ्याला पाण्याने भरलेली बादली बांधून फेका आणि परत आणून दाखवा. बहुतेकांना पहिल्यांदा वीस मिनिटं लागतात आणि मग सगळे एकदम गप्प होतात.

टप्पा ८: बिघडल्यावर

थंडगार पाण्यात पडल्यावर १-१०-१ हा आकडा लक्षात ठेवा. पहिलं मिनिट धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही. या मिनिटात फक्त तोंड वर ठेवून तरंगा. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. बकल, दोर, शिट्टी जे करायचं ते यात. गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास असतो. जाकीट नसेल तर तो तास मिळत नाही, दहा मिनिटांनी हात थांबतात. नाव उलटी तरंगत असेल तर तिला सोडून किनाऱ्याकडे पोहू नका, तिच्यावर चढा. एकटे असाल तर गुडघे छातीशी, अनेक असाल तर एकमेकांना बिलगून राहा.

गारठलेला माणूस ओळखायची खूण: शब्द लडबडतात, हातून वस्तू पडतात, पाय अडखळतात आणि तो म्हणतो ‘मी ठीक आहे’. ओले कपडे काढा, कोरडे घाला, खालून जमिनीपासूनही वेगळं करा, नीट शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका, चालवू नका. थरथर थांबली आणि तो अजून गारच असेल, तर प्रकृती सुधारलेली नाही, ढासळली आहे.

नावेवरच्या रेडिओवर डीएससीचं, म्हणजे आपोआप संकटसंदेश पाठवणारं, लाल बटण झाकण उघडून दाबून धरा, मग चॅनल १६ वर बोला. ‘मेडे’ तीनदा, नावेचं नाव तीनदा, एकदा ओळखक्रमांक. मग पुन्हा ‘मेडे’ आणि नाव, आणि लगेच ठिकाण. मग काय झालंय, कसली मदत हवी, किती माणसं. घाबरलेला माणूस काय झालंय ते आधी सांगत बसतो आणि ठिकाण सांगण्यापूर्वी बॅटरी जाते. हा मजकूर कार्डावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा, म्हणजे नवखाही वाचून बोलू शकेल.

जीवनतराफ्यात घाईने उतरू नका. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीतल्या वादळात २४ नौका सोडून दिल्या गेल्या आणि त्यातल्या ५ बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. नाव पायाखालून खरोखर जात असेल किंवा जळत असेल, तेव्हाच तराफा.

डोंगरात शिट्टी किंवा बत्ती: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर तीनचं येतं. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर तिरके पसरा, मदत हवी असा त्याचा अर्थ. नुसता एक हात हलवला तर पायलटला ते ‘नमस्कार’ वाटेल. बीकन एकदा सुरू केला की मोकळ्या आभाळाखाली ठेवा आणि सुटका होईपर्यंत बंद करू नका. हालचालही शक्यतो करू नका.

परतल्यावर

सॅक उतरवण्याआधी, आंघोळीआधी, फोटो पाठवण्याआधी टप्पा २ मधल्या माणसाला फोन करा. मग जाकिटं गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगा, ओला दोर मोकळा पसरा, आणि फिरण्याच्या वेळेच्या कागदावर प्रत्यक्षात किती वाजले ते शेजारी लिहून तो कागद पुढच्या नकाशात ठेवा.